गोगलगायींसाठी मीठ, राख, चुना की गूळ? परसबागेतील आणि भाजीपाल्यातील नैसर्गिक उपायांविषयी सविस्तर उत्तर

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठालगत आपला १० गुंठ्यांचा भाजीपाला आहे, घरामागे परसबाग आहे आणि जूनमधील पहिल्या मोठ्या पावसापासून कोबी, मिरची व झेंडूची रोपे रात्रीतून बुडख्यापर्यंत खाल्ली जात आहेत, असे आपण लिहिले आहे. घरात लहान मुले आणि कुत्रा असल्यामुळे विषारी गोळ्या टाकायच्या नाहीत. म्हणून मीठ, राख, चुना, अंड्यांची टरफले, कॉफी आणि तंबाखू यांपैकी नेमके काय वापरावे, हा आपला प्रश्न आहे. आधी थोडक्यात सांगतो. यांतील एकही पदार्थ भर पावसाळ्यात पिकाभोवती टाकून आपले पीक राखणार नाही आणि मीठ तर आपल्या जमिनीत चिमूटभरही जाऊ नये. आपल्या यादीत नसलेला एक पदार्थ मात्र खरोखर उपयोगी आहे, तो म्हणजे गूळ. त्याने गोगलगाय मरत नाही. ती एका जागी गोळा होते आणि मग आपल्याला ती उचलता येते. हंगाम वाचवण्याचे खरे काम या उचलण्यानेच होते.

प्रथम नुकसान गोगलगायीचेच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण रोपे कुरतडणारी अळीही रात्रीच येते आणि सकाळी मातीत दडून बसते. अळी कोवळे खोड जमिनीलगत कापून टाकते. गोगलगाय पानांना वेडीवाकडी भोके पाडते, कोवळा शेंडा खाते, आणि जाताना मातीवर व पानांवर वाळलेल्या शेंबडासारखी चकाकणारी रेघ ठेवून जाते. रात्री नऊ-दहा वाजता बॅटरी घेऊन वाफ्यातून एक फेरी मारली की शंकेला जागा राहत नाही. आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकार दिसतात. एक शंखी, म्हणजे पाठीवर तपकिरी पट्ट्यांचा मोठा शंख असलेली आफ्रिकन गोगलगाय. दुसरी शेंबी, म्हणजे बिनशंखाची. शेंब्यांमध्येही कृष्णाकाठच्या परसबागांत काळपट, चपटी, चामड्यासारख्या पाठीची आणि पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली जात हमखास आढळते. दिवसा ती कुंडीच्या बुडाखाली, विटेच्या फटीत किंवा मातीच्या भेगेत शिरून बसते, त्यामुळे मालकाला आपल्या बागेत ती आहे हे ठाऊकच नसते.

गोगलगाय हा कीटक नव्हे. ती शिंपल्या-कालवांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. म्हणून मावा, तुडतुडे किंवा अळीसाठी आपण जी औषधे फवारतो, त्यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि तो होत नाही म्हणून मात्रा वाढवत नेणे हा पैशाचा आणि मित्रकीटकांचा नाश आहे. तिच्या शरीराचा बहुतांश भाग पाण्याचा असतो आणि तिची त्वचा हे पाणी रोखून धरू शकत नाही. ओलावा हेच तिचे बळ आणि तिचे मर्मही. कोरडी हवा, कोरडी माती आणि उघडे ऊन तिला सोसत नाही. तिच्यावरचे जवळजवळ सगळे नैसर्गिक उपाय या एकाच मर्मावर बोट ठेवतात आणि पावसाळ्यात त्यांतील बहुतेक फसतात तेही याच कारणाने. ती उभयलिंगी असल्यामुळे अंडी घालण्याची क्षमता प्रत्येक प्रौढ प्राण्यात असते. आफ्रिकन शंखी एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी घालू शकते. ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली साबुदाण्याएवढ्या पांढुरक्या-पिवळसर अंड्यांचे पुंजके सापडले तर ते तिचेच समजावेत. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, ही शंखी मूळची आपली नाहीच. पूर्व आफ्रिकेतून मॉरिशसला गेलेला हा प्राणी १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या एका हौशी इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून तेथील बागेत सोडला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद भागातील सोयाबीन याच शंखीने उगवतीलाच फस्त केले, हे आपल्याला आठवत असेल.

आता मिठाविषयी. गोगलगायीवर मीठ टाकले की ती विरघळते, हे लहानपणी आपण सर्वांनी पाहिलेले आहे आणि म्हणूनच हा उपाय सर्वांत आधी सुचतो. तेथे घडते एवढेच की, बाहेरील तीव्र खारेपणामुळे तिच्या अंगातील पाणी त्वचेतून बाहेर ओढले जाते, ती भराभर चिकट स्राव सोडते आणि कोरडी पडून मरते. मीठ तिला मारते यात वाद नाही. प्रश्न मीठ मागे काय ठेवून जाते याचा आहे. आपण बांधाकडेने मीटरला फक्त मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम मीठ टाकले असे धरले, तरी शंभर मीटरच्या कडेला ५ किलो मीठ होते. पहिल्या सरीबरोबर ते विरघळून मातीत उतरते. मग पुन्हा टाकावे लागते, आणि पावसाळ्यात हे किती वेळा करावे लागेल याचा हिशेब आपणच करावा. मिठातील सोडियम काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतो, मातीची कणरचना मोडतो, जमीन ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, तिच्यातून पाणी निचरत नाही. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत कृष्णेच्या काठाने हजारो एकर जमीन क्षारपड आणि चोपण, म्हणजे क्षार व सोडियम साचून नापीक, झालेली आहे. ती पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी शेतकरी जिप्सम टाकत आहेत, भूमिगत निचऱ्याच्या पाइपांवर लाखो रुपये खर्च करत आहेत. ज्या गावात शेजारी जमिनीतून मीठ बाहेर काढण्यासाठी कर्ज घेतो, त्या गावात आपण ते हाताने आत टाकावे, हे मला पटत नाही. कुंडीतही टाकू नये. तेथे तर ते जाणार कोठे? मिठाला एकच जागा आहे आणि ती म्हणजे गोळा केलेल्या गोगलगायी बुडवण्याची बादली. पण तेही पाणी शेवटी कोठेतरी ओतावे लागते, म्हणून त्या बादलीसाठीही मी साबणच पसंत करतो.

राख, चुना, अंड्यांची टरफले आणि बारीक खडी हे सगळे एका पंगतीत बसवता येतात, कारण या सर्वांमागील अपेक्षा एकच आहे: गोगलगायीने ओलांडू नये अशी रेषा आखणे. चुलीची कोरडी राख ही रेषा चांगली आखते. ती तिच्या स्रावातील ओल शोषते, शिवाय क्षारीय असल्यामुळे तिच्या त्वचेला झोंबते. परंतु ही गोष्ट राख कोरडी असेपर्यंतच. एकदा भिजलेली राख म्हणजे नुसता चिखल, आणि त्यावरून गोगलगाय निवांत जाते. म्हणून राखेचा उपयोग छपराखालील रोपवाटिकेत, शेडनेटमधील ट्रेच्या टेबलांच्या पायांभोवती, ओसरीवरील कुंड्यांभोवती करावा. उघड्या शेतात जून ते सप्टेंबर तिचा नाद करू नये.

चुन्याचे थोडे वेगळे आहे. बांधाकडेने विझवलेल्या चुन्याच्या भुकटीचा तीन-चार इंच रुंद पट्टा ओढण्याची शिफारस आपल्याकडे नेहमी केली जाते आणि ताज्या चुन्याचा दाहक गुण खरोखर तिला थांबवतो. मात्र हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून काही दिवसांत साध्या खडूत बदलतो आणि खडू गोगलगायीला अडवत नाही, उलट हवा असतो. शंख वाढवण्यासाठी आफ्रिकन शंखीला चुनखडीची सतत गरज असते. घराच्या भिंतींवरील चुन्याचा गिलावा ती खरवडून खाते, हे आपल्या भागातही पाहायला मिळते. म्हणून चुना टाकायचाच तर पावसाने उघडीप दिल्यावर, सायंकाळी, ताजा आणि पिकापासून दूर, फक्त ज्या बाजूने त्या शिरतात त्या बाजूला टाकावा. आणखी एक गोष्ट जमिनीची. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगराळ भागातील तांबड्या जमिनी आम्लधर्मी आहेत, तेथे थोडा चुना मातीत मिसळला तरी बिघडत नाही, उलट काही ठिकाणी लाभच होतो. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी मुळात चुनखडीच्या आणि विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, आहेत. त्यांत वर्षानुवर्षे चुना ओतत राहिलात तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडू लागतात. एकच उपाय दोन तालुक्यांत दोन परिणाम देतो, तो असा.

अंड्यांच्या टरफलांवर वेळ घालवू नये. टोकदार कडांनी तिचे पोट फाटते हा समज चुकीचा आहे. तिच्या पायाखाली स्रावाचा इतका जाड थर असतो की ती धारदार पात्यावरूनही इजा न होता सरकू शकते. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लेट्यूसच्या रोपांभोवती टरफले, तांब्याची पट्टी, बारीक खडी, झाडाच्या सालीचे आच्छादन आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच अडथळे तपासले गेले. अडथळा नसलेल्या रोपांच्या तुलनेत कोणत्याही रोपाचे नुकसान लक्षणीय कमी झाले नाही. आणि आपल्याकडची शंखी तर टरफलातील चुना आवडीने खाईल.

त्या चाचणीत तांब्याची पट्टी नापास झाली असली तरी तांबे पूर्ण बाद करू नये, कारण झाडाच्या खोडावर त्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागायतदार छाटणीनंतर खोडाला आणि ओलांड्यांना, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांना, मोरचूद (तांब्याचे संयुग) आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीसाठी. पण खोडाला लावलेला हाच थर गोगलगायींना वर चढू देत नाही, असा लिंबूवर्गीय बागांतील जुना अनुभव आहे आणि तो थर चांगला वाळू दिला तर पुष्कळ महिने टिकतो. दहा टक्के पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण आपल्याला माहीत असेलच. मोरचूद प्लॅस्टिकच्या भांड्यातच विरघळवावे. परसबागेत पपई, लिंबू, शेवगा किंवा द्राक्षाचा मांडव असेल तर जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत खोडाला ही पेस्ट लावावी आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटून टाकाव्यात, नाहीतर गोगलगाय खोड सोडून त्या वाटेने चढते. कोबीच्या वाफ्यात मात्र मोरचूद टाकू नये. तांबे मातीत साचत जाते, वाहून जात नाही, आणि गांडुळांना ते बाधते.

कॉफीबद्दल आपण खास विचारले आहे, तेव्हा नेमके आकडे देतो. हवाई बेटांवरील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, १ ते २ टक्के कॅफिनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात आणि अगदी ०.०१ टक्के तीव्रतेच्या द्रावणानेही त्यांचे खाणे कमी होते. या बातमीवरून घरोघरी कॉफीचा गाळ कुंड्यांत जाऊ लागला. पण चिकोरी नसलेल्या इन्स्टंट कॉफीत साधारण ३ टक्के कॅफिन धरले, तर १ टक्क्याचे १ लिटर द्रावण करायला ३०० ग्रॅमहून अधिक कॉफी लागेल. हा खर्च कोबीच्या गड्ड्याला परवडणारा नाही आणि एवढ्या तीव्रतेने कोवळी पाने करपण्याचाही धोका आहे. उरलेली कडक कॉफी चार कुंड्यांवर शिंपडली तर एक-दोन रात्री पाने कमी खाल्ली जातील, एवढेच. गाळ खतात टाकावा, तो तेथे चांगला.

लसणाचा अर्क आणि निंबोळी अर्क यांचेही असेच आहे. पाच टक्के निंबोळी अर्क फवारलेली पाने गोगलगाय कमी खाते, परंतु हा गुण पहिल्या जोरदार सरीपर्यंतच टिकतो. अर्क इतर किडींसाठी फवारतच असाल तर तो सायंकाळी फवारावा, म्हणजे दोन्ही कामे होतात. दशपर्णी (दहा झाडांच्या पानांचा अर्क) आणि गोमूत्र यांवर गोगलगायीसाठी मी विसंबत नाही.

तंबाखूविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. तंबाखूची भुकटी किंवा काढा गोगलगायीला मारू शकतो, कारण निकोटीन हे तीव्र विष आहे. ते झाडापासून मिळते म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. ज्या कारणासाठी आपण घरात गोळ्या आणू इच्छित नाही, म्हणजे मुले आणि कुत्रा, त्याच कारणासाठी तंबाखूच्या काढ्याची बादलीही अंगणात नको. शिवाय आपल्याकडे मिरची आहे. तंबाखूवरील मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि मिरची-टोमॅटोत तो शिरला तर गोगलगाय परवडली असे म्हणायची वेळ येईल.

रिठा, शिकेकाई, मोहाची पेंड आणि चहाच्या बियांची पेंड या सर्वांत सॅपोनिन असते. पाण्याला फेस आणणारे हे द्रव्य मृदुकाय प्राण्यांच्या नाजूक आवरणाला इजा करते. पूर्वेकडील देशांत भातखाचरांतील गोगलगायींसाठी चहाच्या बियांची पेंड वापरतात. पण हेच सॅपोनिन माशांचे विष आहे. मोहाची पेंड मत्स्यतळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठीच वापरतात, आणि सॅपोनिनमुळे गांडुळेही जमिनीबाहेर येऊन मरतात. आपले शेत नदीलगत आहे, ओढ्याचे पाणी कृष्णेत जाते, म्हणून वाफ्यात सॅपोनिन ओतण्याची शिफारस मी करणार नाही. रिठ्याच्या सालीचे दाट पाणी मी फक्त मारण्याच्या बादलीत वापरतो.

आता गुळाकडे येतो. गोगलगायीचे डोळे अगदी अंधूक आहेत. ती वासावर चालते, आणि आंबलेल्या गोड पदार्थाचा, विशेषतः यीस्टचा वास तिला दुरून ओढतो. परदेशात यासाठी बिअरचे उथळ भांडे जमिनीत पुरतात. आपल्याला ती गरज नाही, कराड आणि सांगलीच्या बाजारपेठा गुळाच्याच आहेत. खाण्यालायक नसलेला काळा, पाघळलेला गूळ स्वस्तात मिळतो, तो घ्यावा. काकवी मिळाली तरी चालेल. १० लिटर पाण्यात १ किलो गूळ विरघळवावा, त्यात बेकरीत मिळणारे यीस्ट चमचाभर घालावे आणि भांडे झाकून एक रात्र ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यावर फेस येऊन आंबूस वास सुटला की द्रावण तयार झाले. जुनी गोणपाटे, म्हणजे तागाची पोती, त्यात बुडवून निथळून घ्यावीत. प्लॅस्टिकची खताची पोती उपयोगाची नाहीत, कारण ती ओल धरत नाहीत.

दिवस मावळताना ही पोती शेतात सात-आठ मीटर अंतरावर पसरावीत; आपल्या १० गुंठ्यांना, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरला, पंधरा ते वीस पोती पुरतील. सगळीकडे सारखी विभागण्यापेक्षा बांधालगत, पाटाच्या कडेला आणि उसाच्या बाजूला अधिक घालावीत, कारण त्या तेथूनच आत येतात. पोत्याखाली कोबीची बाहेरची पाने, पपईची पाने किंवा पिकून गेलेल्या पपईची साल ठेवली तर ओढ आणखी वाढते. पोते चार घड्या करून ठेवू नये. दुहेरी पसरून खाली थोडी पोकळी राहील असे ठेवावे, म्हणजे खाण्यासाठी आलेली गोगलगाय पहाटे तेथेच आसरा घेते. हा आसरा महत्त्वाचा आहे. खाऊन ती परत बांधात गेली तर आपण फक्त जेवण घातले असे होईल. उघड्या भांड्यातील आमिषापेक्षा पोते सरस ठरते ते यामुळे.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी, साधारण सात वाजेपर्यंत, पोती उलटावीत. उशीर झाला की उष्णतेने त्या मातीत उतरतात. हातमोजे घालून किंवा चिमट्याने सर्व गोगलगायी बादलीत टाकाव्यात. बादलीत कपडे धुण्याच्या साबणाचे किंवा रिठ्याचे दाट पाणी असावे आणि वर झाकण असावे, कारण शंखी बादलीच्या कडेवरून सहज बाहेर येते. दिवसभर तशीच ठेवून मग शेताबाहेर दीड-दोन फूट खोल खड्ड्यात त्या पुराव्यात आणि वर चुना टाकावा. चुन्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. त्यांना रस्त्यावर किंवा ओढ्यात फेकू नये, पायाने चिरडून वाफ्यात सोडू नये. पोती तीन-चार दिवसांनी पुन्हा गुळाच्या पाण्यात बुडवावीत. पहिल्या चार-पाच सकाळी घमेली भरतील आणि मग संख्या झपाट्याने उतरेल. अशा वेळी लोक थांबतात, आणि तेच करू नये. मागे उरलेली प्रत्येक प्रौढ गोगलगाय शेकड्यांनी अंडी घालणार असते. पोती आठवड्यातून दोनदा तरी ऑगस्टअखेरपर्यंत चालू ठेवावीत.

एकट्या १० गुंठ्यांत हे करून पुरत नाही, कारण गोगलगाय बांध मानत नाही. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात पोती टाकली तर परिणाम कित्येक पटींनी वाढतो. या कामाला सर्वांत चांगला काळ म्हणजे पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे. उन्हाळाभर शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून जमिनीत झोपलेल्या शंखी तेव्हा भुकेने बाहेर पडतात आणि अजून अंडी घातलेली नसतात.

पाणी देण्याची वेळ ही पदार्थांइतकीच परिणामकारक आहे आणि तिला काही खर्च नाही. उघडीप असताना सायंकाळी पाणी दिले तर रात्रभर वाफा ओला राहतो आणि गोगलगायीला चालायला राजरस्ता मिळतो. तेच पाणी सकाळी दिले तर वरचा थर सायंकाळपर्यंत सुकतो. पाटपाण्याऐवजी ठिबक असेल तर फक्त रोपाभोवतीच ओल राहते, वरंब्यांमधील सरी कोरडी राहते.

उसाच्या पाचटाविषयी मात्र कोंडी आहे. खोडव्यात पाचट जाळू नये, कुजवावे, हे आपण सर्वांनी मोठ्या प्रयत्नाने अंगी लावून घेतले आहे आणि ते योग्यच आहे. त्याच पाचटाखाली शेंब्या आणि शंखी सुखाने राहतात, हेही खरे आहे. म्हणून पाचट सोडू नये, पण ऊस आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांमध्ये तीन-चार फुटांचा पट्टा भुसभुशीत, तणविरहित आणि उघडा ठेवावा. कोरड्या दिवसांत हा पट्टा कोणत्याही भुकटीपेक्षा चांगला अडथळा आहे. भाजीपाल्यातील आच्छादन रोपे वीतभर उंच होईपर्यंत पसरू नये. महाबळेश्वर-पाचगणीकडील स्ट्रॉबेरी उत्पादकांना प्लॅस्टिक मल्चिंगच्या बाबतीत हीच अडचण येते. महाबळेश्वरात तर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तेथे मल्चिंगच्या पेपरखालची ओल हटत नाही, शेंबी दिवसा पेपरखाली राहते आणि रात्री पिकलेल्या फळात भोक पाडते. तेथे पेपरच्या कडा मातीने घट्ट दाबणे, रोपांची छिद्रे गरजेपुरतीच ठेवणे आणि फळ पूर्ण लाल होताच सकाळीच तोडणे याला पर्याय नाही. माण किंवा जतसारख्या कोरड्या तालुक्यातील शेतकऱ्याला हा सगळा मजकूर कदाचित अनाकलनीय वाटेल. त्यांच्याकडे ही पीडा असलीच तर ती बहुधा रोपवाटिकेतून आलेल्या कुंड्यांतून आणि शेणखतातून आलेली असते.

त्यावरून आठवले, आपल्याकडेही रोपे आणि शेणखत तपासूनच आत घ्यावे. ट्रेच्या खालची बाजू, कुंडीचे बूड आणि खताच्या ढिगाचा तळ येथे अंडी असतात. खत वापरण्यापूर्वी उन्हात पसरून हलवले तर अंडी कोरडी पडून मरतात. उन्हाळ्यातील खोल नांगरट याच कारणाने उपयोगी पडते. झेंडू आपण बहुधा सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म जंतांना, आळा घालण्यासाठी कडेने लावला असेल. झेंडूची कोवळी रोपे गोगलगायींना फार आवडतात, म्हणून तो सापळा समजून त्याच्या ओळीत पोती अधिक ठेवावीत.

बांधावरची सगळी झुडपे तोडून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तण काढावे, पण झुडपे सरसकट तोडू नयेत, कारण भारद्वाज अशा झुडपांतच राहतो आणि तो शंखी खातो. पावसाच्या तोंडावर चमकणाऱ्या काजव्यांच्या अळ्याही लहान गोगलगायींवरच जगतात. परसबागेत जागा असेल तर दोन-चार बदके पाळावीत. शेंबी आणि लहान शंखी ती आवडीने टिपतात. रोपे लहान असताना मात्र बदकांना वाफ्यात सोडू नये, ती रोपेही खातात.

एवढे करूनही प्रादुर्भाव हाताबाहेर गेला, तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्यांचा विचार करता येईल. लोह आणि फॉस्फेट यांचे हे संयुग खाल्ल्यावर गोगलगाय खाणे थांबवते, मातीत शिरते आणि काही दिवसांत मरते. मेलेल्या गोगलगायी वर दिसत नाहीत म्हणून औषध लागू पडले नाही असे समजू नये. युरोपात सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी आहे. आपल्याकडे घेताना मात्र लेबलवर भारतातील नोंदणी, पीक आणि मात्रा छापलेली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर घेऊ नये. दुकानात सहसा हाती दिल्या जातात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. त्या गोगलगायीवर जोरदार काम करतात, पण त्या नैसर्गिक नाहीत, आणि कोंड्यात बनवलेल्या असल्याने कुत्रा त्या अन्न समजून खातो. कुत्र्यांना त्यांची विषबाधा प्राणघातक होऊ शकते. वन्यजीव आणि पाळीव प्राण्यांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेरपासून त्यांचा उघड्यावरील वापर बंद करण्यात आला. आपल्या घरची स्थिती पाहता त्या परसबागेत आणूच नयेत. गूळ आणि कोंड्यात मेथोमिल हे कीटकनाशक कालवण्याची जुनी कृती अजूनही तोंडी फिरते. मेथोमिलवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे, तेव्हा ती कोणी सुचवली तर स्पष्ट नकार द्यावा.

शेवटी हातांविषयी, कारण हे काम आपल्या घरी मुलेही हौसेने करतील. गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेल्या एका सूत्रकृमीच्या अळ्या असू शकतात. अशा अळ्या माणसाच्या पोटात गेल्या तर त्या मेंदूपर्यंत पोहोचून मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. म्हणून उघड्या हाताने गोगलगाय उचलू नये. हातमोज्यांचा जोड नसेल तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून उचलावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांना टिपण्याचे काम न देता पोती मोजून ठेवण्याचे द्यावे. कोबी, कोथिंबीर आणि मेथीची पाने सुटी करून वाहत्या पाण्यात एकेक चोळून धुवावीत, आणि ज्या पानांवर चकाकणारी रेघ दिसते ती कच्ची खाऊ नयेत. पूर्ण शिजवलेल्या भाजीला हा धोका राहत नाही. पोती उलटताना जवळपास उंदरांची बिळे दिसली तर तीही त्याच आठवड्यात खणून बुजवावीत.